कप्पीआत्याची जिवंत विहीर

आत्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. तोंडावर सगळे तिला आत्या म्हणत, तिची सूनही आत्याच म्हणे. पाठ फिरली की ती कप्पी व्हायची. विहिरीवरची कप्पी दोर हलला की किरकिरते, तशी आत्या दारात माणूस दिसलं की किरकिरायची. तेल दोघींनाही कधी मिळालं नाही.

गल्लीत विहीर एकच, आणि ती आत्याच्या परसात. तिच्या नवऱ्याने ती स्वतः खणली होती, खाण अजून टेकडीपलीकडे होती तेव्हा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी चिकण, मग मुरूम, आणि मग वाळूचा दगड. त्या दगडाला पाझर फुटला तेव्हा नवऱ्याने ओंजळ तोंडाला लावली आणि आतूनच ओरडला, "गोड आहे गं!" त्याच दगडाखाली, बरंच खोल, कोळसा होता. हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते अजून यायचे होते.

कठडा बांधून झाला आणि थोड्याच वर्षांत नवरा गेला. मागे एक लहान मुलगा, दोन खोल्या आणि पाणी ठेवून गेला. मुलगा आणि खोल्या कुणाकडेही असतात. आत्याने पाणी घट्ट धरलं. विहिरीवर लोखंडी झाकण बसवून घेतलं, झाकणाला कुलूप, कुलपाची किल्ली कमरेला.

पैसे तिने कधी मागितले नाहीत. "पाण्याचे पैसे घेणारी मी नव्हे," असं ती मोठ्या अभिमानाने सांगे. घेतले असते तर बायका सुखी झाल्या असत्या. पैसे टाकले की माणूस मोकळा होतो, आणि मोकळं सोडणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. तिचं अंगण झाडून द्यायचं, पाय चेपायचे, तिच्या सुनेचे अवगुण ऐकून मान हलवायची, तेव्हा कुठे कुलूप उघडायचं. मान हलवण्यात कुणी कुचराई केली की आत्या जांभई देई. "पाणी गढूळलंय आज. संध्याकाळी बघू."

समोरच्या घरात शिलाईचं काम करणारी एक बाई राहायची. तिला सगळे मशीनवाली म्हणत. ती कुणाकडे तरी बोलून गेली होती, की कप्पीच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही. गल्लीत बोललेलं कुठे जातं? ते आत्याच्या कानावर गेलंच. पुढे महिन्याभरात मशीनवालीची सासू वारली. अंगावरून पाणी घालायला घरात थेंब नव्हता. मशीनवाली दोन कळशा घेऊन आली.

"का गं?" आत्या म्हणाली. "आमचं पाणी घशाखाली उतरत नाही ना?"

"आत्या, त्या गेल्यात. त्यांना प्यायचं नाहीये."

"मग एक कळशी पुरे. मेलेलं माणूस काही केस धूत नाही."

एक कळशी मिळाली. मशीनवालीने फडका भिजवून सासूचं अंग पुसलं. रडायची ती रडली, पण ते सासूसाठी कमी आणि दुसऱ्या कळशीसाठी जास्त. बाई धंद्याने शिंपी. कुठे काय उसवलंय ते तिच्या लक्षात राहायचं.

मग खाण टेकडी ओलांडून अलीकडे आली.

खाणीत कोळशाआधी पाणी लागतं. ते उपसल्याशिवाय खाली कुणाला उभंही राहता येत नाही. म्हणून आधी पंप आले आणि पंपांवर माणसं लागली. आत्याच्या मुलाला तिथेच काम मिळालं. खालचं पाणी वर खेचायचं आणि नाल्यात सोडून द्यायचं. आत्या गल्लीभर सांगत हिंडली, "बापाने पाणी लावलं, आता लेकही पाण्यावरच कमावतोय." मुलगा मुळातच कमी बोलायचा. नोकरी लागल्यावर तर घरात शिरताना तो तोंडाचाही पंप बंद करून यायचा.

विहीर खाली जाऊ लागली. आधी दोराला एक तुकडा जोडला, मग दुसरा. बायकांना पाणी दिसत नसे, पण बादलीचा आवाज ऐकू येई. पूर्वी ती डुबुक करून बुडायची. पुढे नुसती आपटायला लागली. मग खरवडल्याचा आवाज येऊ लागला. एका सकाळी बादली वर आली ती तळाला चिखल घेऊन. आत्याने तो चिखल निरखून पाहिला, झाकण लावलं आणि कुलूप घातलं.

"पाणी दमलंय," ती म्हणाली. "त्याला जरा पडू द्या."

त्या दिवसानंतर गल्लीसाठी कुलूप उघडलं नाही. आसपासच्या विहिरीही आटल्या होत्या, त्यामुळे खाणीच्या कार्यालयाने टँकर सुरू केला. गल्लीच्या तोंडाशी टँकर थांबे, रांग लागे, भांडणं होत, पण पाणी मिळे. आत्या सुनेला रांगेत उभी करी आणि स्वतः दारात बसून म्हणे, "टँकरचं पाणी म्हणजे लोखंडाची लाळ." म्हणायची आणि प्यायची.

आता तिच्याकडे कुणी अंगण झाडायला येत नव्हतं. पाय आपले आपण चेपून घ्यावे लागत. लोक दारावरून जात तेव्हा मान वळवून पाहतसुद्धा नसत. सुनेला शिव्या देऊन झाल्या, सरकारला देऊन झाल्या. मग एक दिवस तिला स्टेशनजवळचा हातपंप आठवला. तो कोरडा पडला की लोक त्यात वरून तांब्याभर पाणी ओततात, दांडा हापसतात, आणि खालचं पाणी खळकन वर येतं.

"पाण्याला पाणी ओढतं," ती सुनेला म्हणाली. "विहीर कोरडी ठेवली म्हणून रुसली. उद्यापासून नाल्याचं पाणी आणून ओतायचं. लोक उठायच्या आत."

"आत्या, हातपंपाला आत नळी असते. वॉशर सुकतो म्हणून पाणी घालतात. विहिरीला कुठे वॉशर?"

"तुझ्या बापाने खणलीये का विहीर? नाही ना? मग ऊठ."

सून उठली. उजाडायला लागलं की ती दोन बादल्या घेऊन नाल्यावर जाई. खाणीच्या नळातून पाणी पडताना स्वच्छ दिसे, पण थोडं पुढे वाहिलं की त्याला गंज चढे. काठावरचे दगड तांबडे झालेले, कडेला गवताचं पातं नाही. पाण्याला आंबट लोखंडी वास. सुनेच्या बोटांना भेगा पडल्या, बादलीच्या पत्र्याला भोकं पडली. आत्याने नवी बादली आणून दिली. बोटांचं काही म्हणाली नाही. सुनेला तेव्हा दिवस गेले होते.

पाणी विहिरीच्या तळाशी दिवसभर वीतभर दिसे, संध्याकाळपर्यंत मुरून जाई. शेजारणींना वाटे, ही भांडी घासायला नाल्याचं पाणी आणते.

मुलाने एकदाच तोंड उघडलं. जेवता जेवता म्हणाला, "आई, खालचा दगड फुटलाय. तू ओततेस ते थेट आमच्याकडे खाली येतं. मी परत वर काढतो."

"मग काढ की. तुला त्याचाच पगार मिळतो."

"तेच पाणी आहे, आई. ही ओतते, मी उपसतो, ही परत भरून आणते."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "नवरा-बायकोचा तेवढाच संसार."

मुलाने ताटात हात धुतला आणि तो झोपायला गेला. सून बराच वेळ ते ताट हातात घेऊन उभी राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बातमी आली. खाणीचं कार्यालय गल्ल्यांमध्ये नळ टाकून देणार होतं. अट एकच. गल्लीतली विहीर आटलेली असली पाहिजे. मापवाला येणार, लोखंडी गोळ्याला खडू फासून तो दोरीने आत सोडणार. खडू कोरडा वर आला तर विहीर मेली, नळ मंजूर. खडू ओला झाला तर विहीर जिवंत, आणि नळ पुढच्या वर्षीच्या मापावर. ज्यांची विहीर जिवंत त्यांचा टँकरही बंद, कारण जिवंत विहीर असताना टँकर कशाला?

गल्लीत हसू फुटलं. कुणी नळाची जागा ठरवू लागलं, कुणी भिंतीवर खुणा केल्या. मशीनवाली अख्ख्या गल्लीच्या वतीने आत्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने उंबरा ओलांडला.

"आत्या, काही करायचं नाही. नुसतं झाकण उघडायचं."

"उघडीन की. मी कुठे नाही म्हटलं?"

"मग झालं. नळ आला की पहिली कळशी तुमची."

हे म्हणायला नको होतं. आत्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. आजवर पहिली कळशी कुणाची ते ती ठरवत आली होती.

मापाच्या दिवशी सकाळी तिने सुनेला हलवलं. "आज चार खेपा जास्त घाल."

सून उठून बसली. "आत्या, आजचा दिवस नको. आज गोळा कोरडा आला तर दारात नळ येईल. मला वाकवत नाही हो आता."

"गोळा कोरडा आला तर माझ्या नवऱ्याची विहीर मेली असं लिहिलं जाईल. सरकारी कागदावर. आणि ती समोरची टाळ्या पिटेल. नळ पाहिजे तर माहेरी जा."

सून बादल्या घेऊन बाहेर पडली. नाल्यावर गेली आणि काठावर बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सासूचं ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने ती बादल्यांच्या कडा नुसत्या ओल्या करून परतली आणि म्हणाली, "ओतलं." घरात येताना तिला रडू फुटेल की हसू, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

मापवाला आला. चेहऱ्यावर झोप, हातात दोरी. गल्ली परसात मावेना. आत्याने सावकाश किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. गोळा खाली गेला. खाली टेकला तेव्हा दोरी सैल पडली. मापवाल्याने ती वर ओढली, खडूवर अंगठा फिरवला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला.

"ओला. विहीर जिवंत आहे."

सून आत धावली. कोपऱ्यात टँकरच्या पाण्याचं मोठं पिंप होतं, कालच काठोकाठ भरलेलं. ते रिकामं होतं. सून नाल्यावर असताना आत्याने कळशी-कळशी करून ते सगळं विहिरीत रिचवलं होतं. सुनेला ओळखून होती ती.

सून परसात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, ते ओतलेलं पाणी आहे. यांनी आत्ता ओतलंय. पिंप बघा आमचं."

"सून आहे माझी," आत्या म्हणाली. "सासूचं कधी चांगलं बघवलंय का सुनेला?"

मापवाला दोरी गुंडाळत होता. "ताई, मी फक्त ओलं की कोरडं ते बघतो. पाणी कुणी घातलं ते बघायचं काम माझं नाही. पुढच्या वर्षी येईन."

मशीनवालीने आत्याकडे पाहिलं. घरी जाऊन तिने मशीन सुरू केलं आणि दिवसभर ते थांबलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद झाला. तेव्हापासून रोज सकाळी गल्लीतल्या बायका भांडी घेऊन आत्याच्या दारात यायच्या आणि रांगेने उभ्या राहायच्या. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"आत्या, विहीर जिवंत आहे ना? उघडता का?"

आत्या उघडायची. एकेक बादली आत जायची, दगडावर आपटायची, वर यायची.

"आज दमलंय वाटतं पाणी."

"असू दे. जिवंत आहे ना, मग झालं."

"आत्या, कप्पीला तेल घालू का? फार ओरडतेय."

अशी सगळी रांग संपायची. मग बायका रिकामी भांडी घेऊन स्टेशनच्या हातपंपावर जायच्या. सूनही त्यांच्या मागे जायची, पण तिच्याशी कुणी बोलत नसे. खरं बोलली ती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कप्पीच्या घरची ती कप्पीच्या घरची. हातपंपावर तिचा नंबर शेवटचा लागायचा.

एक दिवस हातपंपावरून येताना ती वाटेतच बसली. पोटातलं राहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारणं पुष्कळ असू शकतात. आत्या म्हणाली, "कारण एकच. माझ्या विहिरीला मेली म्हणाली. देवाने ऐकलं, पण पत्ता चुकला." मुलगा दाराशी उभा होता. त्याने चपला घातल्या आणि तो कामावर गेला. सून उठून बसायला लागली तशी आत्याने रिकामी कळशी तिच्या अंथरुणाशी आणून ठेवली.

तेव्हापासून सून कधी उलट बोलली नाही. सांगितलेलं सगळं करायची. इतकं नीट करायची, की आत्याला ओरडायला जागा राहिली नाही. ते आत्याला आवडलं नाही.

पावसाळा संपता संपता खाणीच्या अलीकडच्या भागातला कोळसा संपला. कामगारांना दुसरीकडे हलवलं, पंप उचलून नेले आणि पंपांबरोबर आत्याच्या मुलाची नोकरी गेली. तो आता दिवसभर ओट्यावर बसून असायचा. गल्लीने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. गल्लीचे डोळे पुढच्या मापावर होते.

या वेळी बायकांनी काम पक्कं केलं. विहिरीच्या झाकणाला आत्याच्या कुलपाशेजारी गल्लीचं दुसरं कुलूप लावलं. त्याची किल्ली मशीनवालीकडे. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय झाकण उघडणार नाही. आत्याने आकांडतांडव केलं, पण मुलगा उठला नाही आणि सुनेने तर कुलूप लावणाऱ्याला स्टूल आणून दिलं. कित्येक महिने झाकण बंद राहिलं. आतल्या आवाजाला कान द्यायचं कुणाला सुचलं नाही. कोरड्या विहिरीत ऐकायचं काय?

मापवाला आला. तीच दोरी, तीच झोप. मशीनवालीने आपलं कुलूप काढलं, आत्याने आपलं. आज आपली विहीर मरणार, हे आत्याला कळून चुकलं होतं. झाकण उचललं.

गोळा आत गेला आणि डुबुक असा आवाज आला.

मापवाल्याने दोरी ओढली. खडू धुऊन गेला होता आणि गोळ्यावरून तांबडं पाणी निथळत होतं.

"ओला," तो म्हणाला. "पाणी बरंच वर आलंय. विहीर जिवंत आहे."

मशीनवाली कठड्यावर वाकली. पाणी हाताला लागेल की काय इतकं जवळ होतं. गंजाच्या रंगाचं, वर तेलासारखी पातळ साय. तोच आंबट वास. ती मटकन खाली बसली.

"साहेब, हे नाल्याचं पाणी आहे," कुणीतरी म्हणालं. "हे पिणार कसं?"

"ओलं आहे ना?" मापवाला म्हणाला आणि दोरी पुसू लागला.

सुनेने ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "हे कुठून आलं?"

"पंप बंद झाले. खाली भरत गेलं, आता वर आलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"येणार होतंच कधीतरी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

सून वळून परसात आली.

आत्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ती कठडा धरून उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. इतका, की क्षणभर ती तरुण दिसली.

"बघा!" ती ओरडली. "मी म्हणत होते ना? पाण्याला पाणी ओढतं! हिला वॉशर पाहिजे होता विहिरीला! या गं, या सगळ्या. आजपासून कुलूप नाही. हवं तेवढं न्या."

तिने खरंच कमरेची किल्ली सोडली आणि कठड्यावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा ती पाणी वाटायला निघाली होती. पण एकही कळशी पुढे आली नाही.

"घ्या ना. अशा काय बघताय?"

"आधी तुम्ही घ्या, आत्या," मशीनवाली जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली. "पहिली कळशी तुमची."

आत्याने बादली सोडली. दोर फार लागला नाही. सुनेने न सांगता तांब्या पुढे केला. आत्याने तो भरून तोंडाला लावला. पहिल्या घोटाला तिचा जबडा थांबला, डोळ्यांत पाणी आलं. सगळी गल्ली बघत होती. तिने घोट गिळला.

"गोड आहे," ती म्हणाली.

"हो ना? आम्हाला वाटलं आंबट असेल."

"गोड आहे म्हटलं ना!"

"मग असा अर्ध्यावर का ठेवलात? संपवा की."

आत्याने तांब्या संपवला. ओठांच्या कडांना तांबडी रेघ उमटली. मापवाला केव्हाच निघून गेला होता. त्याच्याबरोबर नळही. पण घरी कुणी जाईना. बायका रांग धरून उभ्या राहिल्या, रोज सकाळी उभ्या राहायच्या तशा.

"आत्या, अजून एक घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "इतक्या वर्षांनी आलंय."

"नवऱ्याची विहीर ती. पोटभर प्या."

आत्याने सुनेकडे पाहिलं. ती आता पुरे म्हणेल, तांब्या हातातून काढून घेईल, घरात चला म्हणेल, असं तिला वाटलं असावं. घरचं माणूस म्हणून एवढं तरी.

सुनेने बादली जवळ ओढली. भेगा पडलेल्या हातांनी तांब्या बुडवला, काठोकाठ भरला, थेंब सांडू न देता सासूच्या हातात दिला आणि पुढच्या तांब्यासाठी बादलीशी बसून राहिली.